चपला बाहेर, हात आत

आयसीयूच्या दाराबाहेर चपलांचा हा ढीग! गेल्या महिन्यात चुलतभावाला बघायला गेलो होतो. रुग्णालयाचं नाव सांगत नाही. तसाही हा ढीग कुठल्याही रुग्णालयात खपून जाईल. दारावर पाटी होती : ‘कृपया पादत्राणे बाहेर काढावीत’. सिक्युरिटीवाला डोळ्यांत तेल घालून येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय तपासत होता. हात मात्र कुणाचेच तपासत नव्हता. आमच्या आत्याने रिक्षावाल्याशी सुट्या पैशांचा हिशेब केला, लिफ्टचं बटण तीनदा दाबलं, मोबाइल कमरेला खोचला, चपला शिस्तीत कोपऱ्यात ठेवल्या आणि ती अनवाणी आत निघाली.

“आत्या, आधी हात धू.”

“अरे, सकाळी आंघोळ करून, देवपूजा करून आलेय मी!”

यावर कुणाची काय टाप आहे बोलायची? भिंतीवर सॅनिटायझरची बाटली होती. रिकामी. आत्याने भाच्याच्या कपाळाला अंगारा लावला, सलाईनची नळी जरा सरळ केली आणि डोळे पुसले. त्याच हाताने.

रुग्णालयातला जंतू म्हटलं की आपल्याला कुणीतरी परका, दात विचकणारा राक्षस आठवतो. प्रत्यक्षात ही सगळी घरचीच मंडळी. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस तुमच्या-माझ्या कातडीवर जन्मभर बिनभाड्याने राहतो. क्लेब्सिएला आतड्यात. स्यूडोमोनासला ओल आवडते : बेसिनची जाळी, नळाचं तोंड, फुलदाणीतलं शिळं पाणी. अ‍ॅसिनेटोबॅक्टर तर त्याहून चिवट. पलंगाच्या कोरड्या कठड्यावर तो आठवडेच्या आठवडे तग धरतो. धडधाकट माणसाच्या वाट्याला हे सहसा जात नाहीत. विज्ञान त्यांना संधिसाधू म्हणतं. (इथे राजकारण्यांची उपमा देण्याचा मोह टाळतो. जंतूंची बाजू मांडायला कुणी प्रवक्ता नाही, उगाच एकतर्फी होईल.)

आता संधी कोण देतं, ते बघा. कातडी ही आपली तटबंदी. तिला आपण सुईने भोक पाडतो. घशातून श्वासाची नळी घातली की खोकून घाण बाहेर टाकायची सोय संपते. लघवीची नळी म्हणजे तर बाहेरून थेट मूत्राशयापर्यंत डांबरी रस्ता. उपचाराला हे सगळं लागतंच, तक्रार त्याबद्दल नाही. पण जंतू नळीच्या प्लॅस्टिकला चिकटतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत थर विणतात, पाण्याच्या टाकीत आतून धरतो तसा. त्या थराखाली औषध नीट पोचत नाही, पांढऱ्या पेशी पोचत नाहीत. लघवीची नळी राहिली की दर दिवसागणिक संसर्गाचा धोका ३ ते ७ टक्क्यांनी वाढतो. उपाय अगदी स्वस्त आहे. रोज सकाळी कुणीतरी विचारायचं, ‘ही नळी अजून कशाला?’ पण सरकारी कचेरीतल्या फायलीचं असतं तेच नळीचंही. ठेवली कुणी हे आठवत नाही, आणि काढायची कुणी हे ठरत नाही.

‘निरुपद्रवी’ या शब्दाचीही एक गंमत सांगतो. सेरॅशिया मार्सेसेन्स नावाचा जंतू लालसर रंग तयार करतो. न्हाणीघराच्या कोपऱ्यात गुलाबी थर धरतो ना, तो बरेचदा याचाच. हा कुणाला काही करत नाही असा तेव्हा समज होता, वर रंगामुळे माग काढायला सोपा; म्हणून १९५०च्या सप्टेंबरात अमेरिकी नौदलाने सॅन फ्रान्सिस्कोवर समुद्राकडून त्याचे फवारे सोडले. जंतुयुद्ध झालंच तर शहरात जंतू कसे पसरतील, याची तालीम! शहराला अर्थातच पत्ता नव्हता. त्यानंतर तिथल्या स्टॅनफर्ड रुग्णालयात ११ जणांच्या लघवीत सेरॅशिया सापडला. एक जण दगावला. त्याची प्रोस्टेटची शस्त्रक्रिया झाली होती, आणि जंतू हृदयाच्या झडपेपर्यंत पोचला होता. डॉक्टर चक्रावले, कारण फवाऱ्यांचं गुपित फुटायला १९७०चं दशक उजाडावं लागलं. लष्कर म्हणालं, योगायोग. कोर्टातही दोष सिद्ध झाला नाही. तेव्हा योगायोग म्हणू या. पण एवढं खरं, की फवारा लाखोंच्या नाकातोंडात गेला आणि डॉक्टरांकडे नोंद झाली ती रुग्णालयातल्या ११ जणांची.

आपल्याकडे तालमीची गरज नाही, आपण थेट प्रयोगच करतो. “डॉक्टर, जरा हेवी द्या ना,” असं आपण सर्दीलाही म्हणतो. हेवी अँटिबायोटिक दिलं की साधे जंतू मरतात, निगरगट्ट उरतात आणि मोकळ्या जागेत वस्ती वाढवतात. २००८ साली दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या भारतीय वंशाच्या एका रुग्णात क्लेब्सिएला सापडला. कार्बापेनेमसारखी राखीव औषधंही तो फस्त करत होता. ज्या विकराच्या जोरावर हे चाललं होतं, त्याच्या नावात संशोधकांनी ‘नवी दिल्ली’ घातलं आणि इथे आभाळ कोसळलं. संसदेत आवाज उठला, वैद्यकीय पर्यटन बदनाम करण्याचा डाव दिसला. अखेर २०११मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकांनी नावाबद्दल माफी मागितली. अस्मितेचा विजय झाला. जंतूने माफी मागितल्याचं ऐकिवात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा, की रुग्णालयात दाखल झालेल्या दर १०० जणांमागे श्रीमंत देशांत ७ आणि आपल्यासारख्या देशांत १५ जण तिथूनच नवा संसर्ग घेतात, आणि त्यांतल्या दर दहांतला एक दगावतो. सगळं टळणार नाही. खंगलेल्या माणसाला त्याच्याच आतड्यातला जंतूही पुरतो. पण हातांवरून जाणारी वाट तरी बंद करता येते, २०-३० सेकंदांत. डॉक्टर, नर्स, मामा, मावशी, अंगठ्या, घड्याळं आणि आत्या, सगळ्यांची.

परतताना आत्या वाटभर गप्प होती. घरी पोचल्यावर चुलत्यांनी नातवाला पुढे केलं, तशी ती दोन पावलं मागे सरली. थेट मोरीत गेली. कोपरापर्यंत साबण लावून, चांगले खसखसून हातपाय धुतले, चूळ भरली, पातळसुद्धा बदललं. मग नातवाला घेतलं.

“दवाखान्यातून आलोय ना,” मला म्हणाली. “तू पण धू.”