लेखापरीक्षक बापूसाहेब

पंचायत समित्यांची दप्तरं तपासण्यात बापूसाहेबांची हयात गेली. त्यांची जीप दिसली की ग्रामसेवकाला ताप भरायचा. निवृत्तीनंतर मात्र तपासायला उरलं ते वाण्याचं बिल आणि दूधवाल्याचा हिशेब. अशा मंदीच्या काळात सूनबाईंना दिवस गेले आणि बापूसाहेबांना नवं दप्तर मिळालं: तिचं ड्रेसिंग टेबल.

भिंग, लाल पेन, आखीव वही. प्रत्येक बाटलीला अनुक्रमांक पडला. निकष एकच: जो घटक एका दमात म्हणता येत नाही, तो गर्भाला घातक. त्यामुळे फिनॉक्सिइथेनॉल पहिल्याच दिवशी अडकलं.

"बाबा, हे टिकाऊपणासाठी घालतात. युरोपात १ टक्क्यापर्यंत चालतं," सूनबाई म्हणाली.

बापूसाहेबांनी पुरावा पुढे केला. २००८ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं स्तनाग्रांना लावायच्या एका क्रीमविरुद्ध इशारा दिला होता. त्यातलं हेच रसायन दुधाबरोबर पोटात गेलं तर बाळाला उलट्या-जुलाब होऊ शकतात, म्हणून.

"ते बाळाच्या तोंडात जात होतं, बाबा. हे माझ्या टाचेला लागतं."

'खुलासा असमाधानकारक', असा शेरा पडला.

पुढे पॅराबेनची पाळी आली. डेन्मार्कनं २०११ साली ३ वर्षांखालच्या मुलांच्या प्रसाधनांत प्रोपिल आणि ब्युटिल पॅराबेनला बंदी घातली, एवढीच मूळ बातमी. बापूसाहेबांच्या वहीत ती 'पॅराबेन: सर्व प्रकार, सर्व वयं, सर्व देश: बंद' अशी उतरली. सूनबाईंच्या वाट्याला आता पाणी आणि खोबरेल तेल उरलं, आणि तेलाची पावती मागितली गेली.

२३ आक्षेपांची वही घेऊन बापूसाहेब स्वतः डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी सनस्क्रीनचं झिंक ऑक्साइड सोडलं. फेसवॉशमधलं थोडंसं सॅलिसिलिक आम्लही सोडलं. चेहरा धुतला की ते वाहूनच जातं. चट्टे घालवायचं हायड्रोक्विनोन तेवढं बंद केलं, कारण ते कातडीतून बऱ्याच प्रमाणात शरीरात उतरतं. इतके आक्षेप इतक्या झटपट निकाली निघताना बापूसाहेबांनी फक्त मंत्रालयात पाहिलं होतं.

मग बाईंनी 'पास' झालेल्या बाटल्या मागवल्या. पहिलंच निघालं रेटिनॉलचं नाइट क्रीम. नाव सुटसुटीत, वर 'जीवनसत्त्व अ' असा उल्लेख, म्हणून बापूसाहेबांनी 'पौष्टिक' असा शेरा मारून सोडलेलं. त्याच कुळातल्या मुरुमांवरच्या गोळ्यांनी गर्भात गंभीर व्यंग निर्माण होतं. म्हणून क्रीमही गरोदरपणात टाळतात. दुसरी होती गोरेपणाची डबी, बापूसाहेबांच्या धाकट्या बहिणीनं, म्हणजे आत्याबाईंनी, पार्लरमधून प्रेमानं आणलेली. तिच्यावर लेबलच नव्हतं, म्हणून आक्षेपही नव्हता. असल्या बेनामी डब्यांतल्या पाऱ्यानं मूत्रपिंडं बिघडलेले रुग्ण अकोल्यापासून केरळातल्या मलप्पुरमपर्यंत सापडले आहेत, आणि पारा वारेतून गर्भापर्यंतही पोचतो.

त्या संध्याकाळी बापूसाहेब जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र नवी वही आणली आणि तिच्यात 'विनालेबल' असा स्वतंत्र रकाना पाडला.

बाळ आल्यावर या रकान्यानं काम केलं, हे मान्य करायला हवं. जत्रेतला सुरमा त्यांनी दारातूनच परत पाठवला. त्यात शिसं असू शकतं. पावडरचा डबा उचलून माळ्यावर टाकला, कारण थापताना उडणारी भुकटी तान्ह्याच्या छातीत जाते. आत्याबाईंनी चार दिवस अबोला धरला. बापूसाहेब बधले नाहीत.

बाराव्या दिवशी नातवाला घ्यायला ते हात पसरून पुढे झाले. सूनबाईंनी बाळ दिलं नाही, वहीचं एक पान दिलं. आखीव, लाल शाईतलं:

'आक्षेप क्र. १. वस्तू: आजोबांच्या गुडघ्याचा बाम. घटक: कापूर, मेंथॉल. तान्ह्याच्या श्वासास बाधक. हात साबणाने धुऊन, सदरा बदलून अनुपालन अहवाल सादर करावा.'

बापूसाहेबांनी ते दोनदा वाचलं. भिंग लावून तिसऱ्यांदा वाचलं.

"जावक क्रमांक नाही," ते म्हणाले, आणि मोरीकडे निघाले.