हेडसेटकाका

हेडसेटकाका चेहऱ्यावरून ओळखू येतात. सकाळी साडेसातला लिफ्टमध्ये भेटलेल्या पन्नाशीच्या गृहस्थाच्या डोळ्यांभोवती तांबडे वळ आहेत, टी-शर्ट पिळून काढण्याइतका ओला आहे आणि पायात मात्र घरातल्या स्लिपर आहेत, तर ते हेडसेटकाका समजावेत. पायात बूट असते तर आपण म्हटलं असतं, तळजाईच्या टेकडीवरून आले असतील. स्लिपर आणि घाम यांचा मेळ बसत नाही, म्हणून आपण सहज विचारतो, “काय काका, पाणी गेलंय का? बादल्या चढवल्या की काय?” संपलं. तिसऱ्या मजल्यावरून खाली येईपर्यंत काका नाडीचे ठोके सांगून टाकतात. कॅलरी पार्किंगमध्ये सांगतात. आपण गाडी सुरू केली तरी काचेवर टकटक करून “एक राहिलंच” म्हणतात.

कोथरूड-बाणेरकडच्या सोसायट्यांत हल्ली असा निदान एक तरी नमुना सापडतो. आमच्याकडचे काका वयाने 52, नोकरीने बँकेत आणि स्वभावाने पटवून देणारे. या मंडळींचं पूर्वायुष्य साधारण सारखंच असतं. त्यांनी गच्चीवर गव्हांकुर लावलेले असतात, दहा हजार पावलांच्या हिशेबापायी रात्री अकराला हॉलमध्ये येरझाऱ्या घातलेल्या असतात, जिमचे वर्षाचे पैसे एकरकमी भरलेले असतात. काका हास्यक्लबातही गेले होते. 1995 साली मुंबईत डॉ. मदन कटारियांनी सुरू केलेली ती टूम जगभर पसरली, पण काकांना सकाळी सव्वासहाला ठरवून हसू येईना. लोक हसत असताना ते गंभीर उभे राहत आणि त्यामुळे बाकीच्यांना खरोखरच हसू येई, असं ऐकलं. काकांचा मूळ आजार कंटाळा. ट्रेडमिलवर चौथ्या मिनिटाला ते घड्याळ पाहत आणि सातव्याला घरी येत.

मग सॅन होजेचा भाचा दिवाळीत आला आणि त्याच्या बॅगेतून क्वेस्ट टू नावाचा पांढरा डबा निघाला: डोळ्यांवर चढवला की भोवती खोटं जग उभं करणारा व्हीआर हेडसेट. ही वस्तू आपल्याकडे अधिकृतपणे विकायला नव्हती, ती अशीच बदाम-पिस्त्यांच्या सोबतीने यायची. वजन 503 ग्रॅम. आणली होती काकांच्या मुलासाठी, पण मुलगा सुट्टी संपवून बंगळुरूला गेला आणि डबा काकांच्या ताब्यात राहिला.

पहिल्याच दिवशी त्यांनी रोलर कोस्टर लावलं आणि पाच मिनिटांत आलं चघळत पलंगावर आडवे झाले. डोळे सांगतात आपण सुसाट निघालोय, कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र सांगतं आपण जागचे हललेलो नाही. या भांडणात मेंदू पोटाला वेठीला धरतो. तेव्हापासून काकांचा नियम पक्का आहे: आपण जागेवर उभं राहायचं आणि जे काय यायचं ते आपल्या अंगावर येऊ द्यायचं. हा नियम त्यांनी बँकेत तीस वर्षं पाळलेला असल्यामुळे जड गेला नाही.

या नियमात बीट सेबर चपखल बसतो. प्रागच्या एका छोट्या चमूने 2018 साली बाजारात आणलेला हा खेळ. दोन हातांत उजेडाच्या दोन तलवारी, एक लाल, एक निळी. गाण्याच्या ठेक्यावर ठोकळे चाल करून येतात, ठोकळ्यावर बाण असतो, बाणाच्या दिशेने तो कापायचा. मधेच डोक्याच्या उंचीवर भिंत येते, तेव्हा चटकन खाली बसायचं. घरातला भारतीय पद्धतीचा संडास नूतनीकरणात गेल्यापासून काका उकिडवे बसले नव्हते. पहिल्या भिंतीला ते बसले, दुसरीला बसले, तिसरीला बसले ते काकूंनी उठवेपर्यंत.

पण कंटाळा गेला, हे खरं. ठोकळे येत असताना घड्याळ बघायला डोळेच मोकळे नसतात. “तीन गाणी झाली असतील” म्हणून हेडसेट काढावा तर अर्धा तास झालेला. व्यायामशास्त्राने यापेक्षा वेगळं काही साधावं अशी काकांची अपेक्षा नाही.

खेळायला दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद मोकळी जागा लागते. ती हॉलमध्ये सकाळी सहाला तयार होते. टीपॉय बाल्कनीत जातो, मोडा सोफ्यावर चढतो, शोकेसपुढे उशा उभ्या राहतात. मग काका जमिनीवर काल्पनिक रेघ आखतात. रेघेपाशी गेलं की डोळ्यांपुढे जाळी उगवते. अमेरिकेत बसून ही सोय करणाऱ्यांना जमिनीची काळजी होती. छताला तीन पात्यांचा पंखा फिरत असतो आणि हात वर करून ठोकळा कापणाऱ्या माणसाचा त्याच्याशी संबंध येऊ शकतो, हे त्यांच्या गावी नव्हतं. म्हणून पंखा बंद. आणि इथून घरात कायमचा वाद सुरू होतो. एप्रिलमधला तो घाम काकांच्या मते खेळाचा, काकूंच्या मते पंखा बंद केल्याचा.

या वादात काकू बरोबर आहेत, कारण घाम हे काही माप नव्हे. काकांनाही ते पटलं असावं, कारण त्यांनी छातीला बांधायचा पट्टा मागवला. आता ते 220 वजा वय असा हिशेब मांडून आपली कमाल नाडी 168 सांगतात. दुसरं एक सूत्र आहे, 208 मधून वयाचे सात दशांश वजा करायचे. त्यानं 172 येते. काका पाहुणे बघून सूत्र वापरतात. यातल्या पहिल्याच्या सत्तर ते पंच्याऐंशी टक्क्यांत, म्हणजे 118 ते 143 मध्ये, नाडी राहिली की त्यांचा दिवस चांगला जातो. सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठाच्या मदतीने असे खेळ खेळणाऱ्यांचा ऑक्सिजन मोजला गेला आणि बीट सेबर टेनिसच्या पंगतीला बसला, हे कळल्यापासून काका लग्नकार्यात “सकाळी थोडं टेनिस होतं” असं म्हणू लागले आहेत.

त्यांच्या आयुष्यातली एकच ठसठस म्हणजे शेजारचा बारा वर्षांचा मुलगा. तो रविवारी येतो, सोफ्याच्या कडेला अर्धवट टेकून नुसत्या मनगटाच्या झटक्यांनी ठोकळे कापतो आणि काकांच्या दुप्पट गुण मिळवून चिवडा खायला लागतो. खेळाला तलवार किती अंशांतून फिरली याच्याशी मतलब. ती खांद्यातून फिरली की मनगटातून, हे तो विचारत नाही. त्यामुळे हात बसत जातो तशी मेहनत कमी होते. काका मात्र तत्त्व म्हणून खांद्यातून वार करतात आणि हरतात. “तो खेळतो, मी व्यायाम करतो,” ते चिवड्याची डिश त्याच्यापुढून सरकवत म्हणतात.

या अपमानाची भरपाई मुष्टियुद्धात होते. थ्रिल ऑफ द फाइट या खेळात समोर धिप्पाड गडी उभा राहतो आणि गुद्दा जेवढ्या वेगाने माराल तेवढा त्याला लागतो, तिथे मनगटाची चलाखी चालत नाही. तीन मिनिटांच्या फेरीनंतर काकांच्या तोंडून शब्द फुटत नाही. पहिल्या आठवड्यात तर खांदे असे धरले की केस विंचरायला काकूंना बोलवावं लागलं. हवेला गुद्दे मारताना कोपर ताठ सोडलं तर सांधा दुखावतो, हेही तेव्हाच कळलं.

काकूंची स्वतःची एक चाचणी आहे, पट्ट्याबिट्ट्याविना. बोलता येतंय पण गाता येत नाही, तर व्यायाम मध्यम. दोन-चार शब्दांपुढे दम टिकत नाही, तर जोरकस, असं डॉक्टर लोक मानतात. काकू स्वयंपाकघरातून ओरडतात, “अहो, भाजी कुठली आणू?” काका नुसतं “मेथी” म्हणाले तर ठीक चाललंय. “मेथी आण, पण जुडी सोडून बघ, परवा आत सगळी पिवळी निघाली” असं म्हणाले, तर काकू म्हणतात, “आज नुसता उभा आहे मेला खेळ लावून.”

मला विचाराल तर काकांचं चुकत नाही. समोरचा गडी खोटा आहे हे हृदयाला कोण कळवणार? ते आपलं रक्त पुरवत राहतं. आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम किंवा 75 मिनिटं जोरकस, हे जागतिक आरोग्य संघटनेचं माप काका आरामात भरतात. शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्या, असंही तीच संघटना म्हणते. ते वाक्य काका वाचून दाखवत नाहीत, कारण हवेला वजन नसतं.

त्यांची अडचण आहे ती साक्षीदाराची. पुण्यात व्यायाम दिसावा लागतो. पर्वतीच्या 103 पायऱ्या चढणाऱ्याला निदान चार ओळखीचे भेटतात, सिंहगडावर गेलेला माणूस मडक्यातल्या दह्याचा फोटो पाठवतो. काकांनी तिसऱ्या फेरीत लोळवलेला गडी कोणीच पाहिलेला नसतो. बाहेरून दिसतं ते एवढंच, की बनियनवरचा एक गृहस्थ पडद्याला गुद्दे मारतोय. आतलं दृश्य टीव्हीवर दाखवता येतं, पण त्या वेळी टीव्हीवर काकांच्या आईंचं कीर्तन चालू असतं. कामाच्या मावशी फरशी पुसायला येतात तेव्हा काल्पनिक रेघेबाहेरून पुसत जातात आणि जाताना काकूंना हळूच म्हणतात, “वहिनी, दादांना घरात कुणी काही बोललं का?”

म्हणून खालच्या मजल्यावरून धपधप आवाजाची तक्रार गेली आणि सेक्रेटरी जाब विचारायला आले, तेव्हा काकांना आनंदच झाला. सेक्रेटरी म्हणजे करारी माणूस. पार्किंगच्या प्रश्नावर बिल्डरला घाम फोडलेला. काकांनी त्यांच्या डोक्यावर हेडसेट चढवला आणि रिचीज प्लँक लावला. लिफ्ट वर जाते, दार उघडतं, आणि समोर गगनचुंबी इमारतीबाहेर काढलेली एक फळी. त्यावरून चालायचं, बस. सेक्रेटरी अडीच पावलं गेले. मग खाली बसले, मग ओणवे झाले आणि व्हिट्रिफाइड टाइलला दोन्ही तळव्यांनी धरून म्हणाले, “मला आधी खाली घ्या, मग बोलू.” त्यांच्या मनगटावरच्या घड्याळात नाडी 131 दिसत होती. काकूंनी कौतुकाने विचारलं, “म्हणजे यांचाही व्यायाम झाला का?”

“छे,” काका कडकपणे म्हणाले, “ती भीतीची नाडी आहे. धरायची नाही.”

काकांच्या शास्त्रनिष्ठेबद्दल माझा आदर त्या क्षणी वाढला. तक्रारीचं पुढे काही झालं नाही. जाड रबरी मॅट मात्र आली.

जानेवारीत बँकेतर्फे वार्षिक तपासणी झाली. ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट. दर तीन मिनिटांनी पट्टा वेग वाढवतो आणि चढही वाढवतो. बँकेतले बहुतेक सहकारी दुसऱ्या टप्प्यात हात वर करत होते. काका चौथ्या टप्प्यात जाऊन थांबले आणि तेही डॉक्टर म्हणाले म्हणून. डॉक्टरांनी आलेखावरून नजर फिरवली. “उत्तम. व्यायाम काय करता?”

या प्रश्नाची काका दोन वर्षं वाट पाहत होते.

“व्हीआर,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावायचा, मग समोर ठोकळे येतात…”

“मोबाइलवरचे गेम?” डॉक्टरांचं पेन अधांतरी थांबलं. मागे पाच जण रांगेत होते. तंत्रज्ञ छातीवरच्या चिकटपट्ट्या केसांसकट उपटत होता.

“चालायला जातो,” काका म्हणाले. “रोज.”

फाइल घरी आली. काकूंनी चष्मा लावून शेवटचं पान दोनदा वाचलं.

“रोज चालता म्हणे तुम्ही,” त्या म्हणाल्या. “मग उद्यापासून येताना मेथी आणत जा. जुडी सोडून बघा.”