उतरणीचा हिशेब

आमचे मेहुणे पुण्याचे. ते दर रविवारी सिंहगड चढतात आणि सोमवार ते शनिवार त्याबद्दल सांगतात. मागे एका डिसेंबरात ते इंदूरला आले होते. रात्री अकराला सराफ्यात उभं राहून, गराडूवर जिरावण भुरभुरवून घेत ते म्हणाले, "भावजी, खाण्याचं तुमच्याकडे काही बघायलाच नको. पण चढायला काय आहे? मला तर एकच टेकडी दिसतेय." आणि ते माझ्या शर्टाच्या चौथ्या बटणाकडे बघत राहिले.

माणसानं सराफ्यात पैज लावू नये. पोट भरलं की छाती आपोआप पुढे येते. "येत्या वर्षात बावन्न रविवार, बावन्न डोंगर," मी बोलून गेलो. "सकाळी निघायचं, रात्री घरच्या गादीवर. तंबू नाही, रजा नाही." सौभाग्यवतींनी शांतपणे रबडी संपवली आणि विचारलं, "डबा किती जणांचा?" तिचे प्रश्न असेच असतात. मोहिमेच्या भव्यतेशी त्यांचा काही संबंध नसतो आणि उत्तर तर द्यावंच लागतं.

इंदूरच्या डोंगरांबद्दल बाहेरच्यांना एक गोष्ट आधी सांगावी लागते. ते खाली आहेत. विंध्य सूर्याची वाट अडवण्याइतका वाढला, अगस्ती ऋषींनी त्याला "मी दक्षिणेतून परत येईपर्यंत वाकून राहा" म्हणून सांगितलं आणि ते गेले ते गेलेच, ही कथा सर्वांना ठाऊक असते. आम्ही त्या वाकलेल्या पाठीवरच राहतो. शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. पण पाठ इतकी ऐसपैस की आपण उंचावर आहोत हे कुणाच्या गावीही नसतं. होळकरांबरोबर घाट-नद्या ओलांडत आलेले आमचे पूर्वज ही सपाटी बघून जे बसले, ते अजून उठलेले नाहीत. महूच्या पुढे दक्षिणेला निघावं, तर सोयाबीन, ढाबा, पुन्हा सोयाबीन, आणि एकाएकी जमीनच संपते. पुढे खोल खाली निमाड. नद्यांचाही नाइलाज होतो, त्या उड्या टाकतात. अशा एका उडीच्या जागेला लोकांनी सरळ पाताळपाणी म्हणून टाकलं.

त्यामुळे पुणेकर आधी चढतो, दमतो, वर पिठलं-भाकरी खातो आणि उताराला लागतो. इंदूरकर आधी उतरतो. सकाळी सातला, पोहे-जिलेबी पोटात, हवा गार, पाय आपसूक पडताहेत, गप्पा रंगल्या आहेत, असा तो हसतखेळत खड्ड्यात जातो. चढ दुपारी एकला सुरू होतो.

"हे कर्जासारखं आहे, भिया," आमचे शेजारी म्हणाले. "आधी उचल, मग हप्ते." शेजारी बँकेतून निवृत्त झालेले. मोहिमेत ते सामील झाले ते केवळ कुणीतरी हिशेब ठेवायला हवा म्हणून. त्यांनी लाल कापडाची वही आणली, दोन रकाने पाडले: उतार नावे, चढ जमा. "घरून निघायचं, घरी यायचं. म्हणजे वर्षअखेरीला दोन्ही बाजू जुळल्याच पाहिजेत." चढ-उताराचे आकडे त्यांच्या मोबाइलमधून येत. त्यावर मात्र त्यांचा विश्वास नव्हता. घरी जाऊन ते पुन्हा बेरीज करीत.

पहिला रविवार राळामंडळ. शहराला चिकटलेलं अभयारण्य, माथ्यावर होळकरांनी १९०५ साली बांधलेली शिकारगाह. होळकरांनी चढाची सुरुवात माझ्यासारखीच घराजवळून केली, हे बघून बरं वाटलं.

असले नाद जगात जुने आहेत. स्कॉटलंडमध्ये सर ह्यू मन्रो यांनी १८९१ साली तीन हजार फुटांवरच्या डोंगरांची यादी छापली, आणि तेव्हापासून तिथली शहाणीसुरती माणसं ती पुरी करण्यात आयुष्य घालवतात. मन्रोसाहेब स्वतः यादी पुरी न करताच गेले, हे कळल्यावर मला ते घरचेच वाटू लागले. मग तीन हजार फुटांचे मीटर काढले: ९१४. मालव्याचं सर्वांत उंच शिखर सिगार, महूकडचं, ८८१. तेहतीस मीटरांनी नापास! त्याहून मोठा अन्याय आपल्याच राज्यात. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकात विंध्याचं सर्वोच्च शिखर म्हणून दमोहचं सद्भावना शिखर येतं, उंची ७५२ मीटर. चार पानं उलटली की मालव्याचं पठार: सिगार ८८१, जानापाव ८५४. दोन्ही उत्तरांना गुण मिळतात. मालव्यात कोणी कुणाच्या उंचीवरून भांडत नाही.

जानापाव हा आमच्याकडचा सरळ स्वभावाचा डोंगर. इथे आधी चढायचं असतं. जमदग्नींचा आश्रम आणि परशुरामाचं जन्मस्थान इथलं, अशी श्रद्धा. कार्तिकी पौर्णिमेला जत्रा भरते. इथून साडेसात नद्या निघतात असं सांगतात. साडेसात हा आकडा ऐकून मराठी माणूस आधी शनीला नमस्कार करतो आणि मग पुढचं ऐकतो. अर्धी नदी कोणती, यावर पायवाटेनं चढताना आम्ही पाऊण तास वाद घातला, त्यामुळे श्वास दोघांचाही अर्धाच उरला. चंबळ इथून उत्तरेला यमुनेकडे जाते, चोरल दक्षिणेला नर्मदेकडे. म्हणजे एका अंगाचं पाणी बंगालच्या उपसागरात, दुसऱ्या अंगाचं अरबी समुद्रात. शेजाऱ्यांनी माथ्यावर उभं राहून बाटलीतलं उरलेलं पाणी दोन्हीकडे निम्मं-निम्मं ओतलं. "खातं दोन शाखांत उघडलं," म्हणाले. इतक्यात मागे हॉर्न वाजला. वरपर्यंत डांबरी रस्ता आहे. गाडीतून आजी, नातवंडं, जेवणाचे डबे, चटई असं सगळं उतरलं आणि माझ्या घामेजल्या चेहऱ्याकडे बघून गाडीवाल्यानं विचारलं, "अंकल, पार्किंग किधर है?"

वहीवर भांडणं झालीच. देवासची टेकडी डोंगर म्हणून धरायची की नाही? वर तुळजाभवानी आणि चामुंडा, मोठी माता नि धाकटी माता. गावात एके काळी संस्थानंही दोन, थोरली पाती नि धाकटी पाती. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी चिटणीस होता, आणि पुढे १९५३ मध्ये त्यानं आठवणींच्या पुस्तकाला या टेकडीचंच नाव दिलं. "फॉर्स्टरला पुरली ती टेकडी आपल्याला पुरत नाही?" मी विचारलं. "पुरते," शेजारी म्हणाले, "पण रोपवे आहे. अर्धी धरू." अर्धी नदी कोणती ते कळलं नाही, अर्धा डोंगर मात्र मिळाला.

मार्चमधला एक रविवार रंगपंचमीच्या गेरीतल्या रंगाचा खोकला उतरवण्यात गेला, तीन लग्नांत गेले, आणि मे महिन्याबद्दल न बोललेलं बरं. मालव्याच्या रात्री गार असल्याची ख्याती आहे. पण रात्री डोंगर दिसत नाहीत.

पावसाळ्यात सगळी दरी हिरवी होते आणि धबधब्यांवर बंदी येते. ती यायलाच हवी. २०११ साली पाताळपाण्यात अचानक लोंढा आला आणि घरची माणसं डोळ्यांदेखत वाहून गेली. त्यामुळे आम्ही धबधब्याचा नाद सोडला आणि जाणत्या गिर्यारोहकांच्या गटाबरोबर जंगलातून कालाकुंडला उतरलो. बाजूनं मीटरगेजचा जुना रूळ वळसे घेत उतरतो. त्याची गोष्ट शेजाऱ्यांनी अख्खी वाट सांगितली. दुसऱ्या तुकोजीरावांनी १८७० मध्ये या खांडवा-इंदूर मार्गासाठी इंग्रजांना एक कोटी रुपये कर्ज दिलं, साडेचार टक्क्यांनी, १०१ वर्षांच्या मुदतीनं. "मुदत कधी भरली? १९७१. तेव्हा देणारं संस्थान नव्हतं, घेणारं सरकार नव्हतं." त्यांचा आवाज कातर झाला. बँकवाल्यांना रडू कशानं येईल सांगता येत नाही. खाली कालाकुंडच्या फलाटावर पळसाच्या पानात कलाकंद मिळाला. पाव किलो खाल्ला, मग आणखी पाव किलो. परतीबद्दल विशेष लिहिण्यासारखं काही नाही.

खरा चढ भेटला तो जाम दरवाज्याखाली. अहिल्याबाईंनी १७९१ साली तो थेट कड्याच्या काठावर उभारला; महूकडून निमाडात उतरणाऱ्या वाटेवर. आम्ही धुक्यात, भाजलेली कणसं खात, गुणगुणत उतरलो. एकला परत फिरलो. दोनला माझं गुणगुणणं थांबलं. सव्वादोनला शेजाऱ्यांनी मीटर मोजणं सोडून झाडं मोजायला सुरुवात केली. डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक म्हातारी मागून आली, आमच्या काठ्या, टोप्या नि पाठीवरच्या नळीवाल्या पाण्याच्या पिशव्या न्याहाळल्या आणि काळजीनं विचारलं, "कोई बीमार है क्या?" ती पुढे गेली. तासाभरानं आम्ही दरवाज्याशी पोचलो तेव्हा मोळी विकून ती परत खाली निघाली होती. मी खाली पडलेलं चिप्सचं पाकीट उचलून खिशात घातलं. इंदूरकराला श्वास नसला तरी सुका कचरा दिसतो. ओल्या कचऱ्यात त्या वेळी मीच जमा होतो.

एकतीस डिसेंबरला वही बंद करायची होती. मेहुणे व्हिडिओ कॉलवर. बावन्नपैकी साडेएकतीस डोंगर झाले होते आणि माझं वजन दोन किलोंनी वाढलं होतं, कारण प्रत्येक डोंगराच्या आधी पोहे होते आणि नंतर कचोरी. मेहुणे हसत होते. शेजारी मात्र चष्मा पुसून तिसऱ्यांदा बेरीज करत होते.

"हिशेब जुळून नाही राहिला, भिया. उतार जास्त, चढ कमी."

"असं कसं? निघालो घरून, आलो घरी."

त्यांनी बोटानं ऑगस्टची ओळ दाखवली. कालाकुंड. जमेच्या रकान्यात काहीच नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. अर्धा किलो कलाकंदानंतर समोर फलाटावर हेरिटेज गाडी उभी होती, खिडकीजवळ दोन जागा होत्या, आणि इंजिनानं आम्हाला पाताळपाण्यापर्यंत वर ओढून आणलं होतं.

"म्हणजे काय झालं?" मेहुण्यांनी पुण्याहून विचारलं.

"म्हणजे," शेजारी वही मिटत म्हणाले, "हिशेबाप्रमाणे आम्ही दोघं अजून कालाकुंडलाच आहोत."

स्वयंपाकघरातून सौ.चा आवाज आला, "मग येताना कलाकंद घेऊन या."