अर्थ न बदलता

चोराने पोलिसाला पाहिलं आणि तो पळाला. घडलं एवढंच. पण हे वाक्य नो-सूनर सरांच्या हाती लागलं की चोराचे हाल सुरू होतात. आधी तो 'ॲज सून ॲज'ने पळतो, मग 'नो सूनर डिड... दॅन'ने पळतो, मग 'हार्डली हॅड... व्हेन'ने. पोरं अजून जागी असतील तर 'स्केअर्सली'नेही एक फेरी होते. पोलीस मात्र दरवेळी जागच्या जागी. सरांच्या फळ्यावर चोर आजवर एकदाही सापडलेला नाही.

तालुक्याच्या गावाला असे एक सर असतातच. एसटी स्टँडच्या मागे, झेरॉक्सच्या दुकानावर पत्र्याची खोली, बाकांवर कर्कटकाने कोरलेली नावं, आणि भिंतीवर रंगवलेलं 'इंग्रजी पक्कं करून मिळेल'. शेजारी 'मोटार रिवाइंडिंग करून मिळेल' अशी पाटी आहे. रंगवणारा एकच, त्यामुळे भाषाही एकच. सरांचं खरं नाव हजेरीपटावर असेल. गावाला ते नो-सूनर सर म्हणूनच ठाऊक, आणि सरांना हे नाव मनातून आवडतं. पूर्वीच्या एका सरांना पोरं 'छडी' म्हणायची, त्यापेक्षा हे बरंच सुशिक्षित.

सरांचं सगळं तत्त्वज्ञान बोर्डाच्या पेपरातल्या एका प्रश्नावर उभं आहे. एक वाक्य दिलेलं असतं आणि पुढे कंसात हुकूम असतो: 'नो सूनर... दॅन वापरा', 'टू काढा', 'अर्थ न बदलता नकारार्थी करा'. सर म्हणतात, निबंधात कार्टं काय लिहील याचा भरवसा नाही आणि तपासणाऱ्याचं घरी भांडण झालंय का हेही आपल्या हातात नाही. इथे मात्र गुण रोख. 'डिड' आला की क्रियापद मूळ रूपात, 'नो सूनर'ला 'दॅन', 'हार्डली'ला 'व्हेन'. जोडी चुकली की गुण गेला. "इंग्रजी नाही आलं तरी चालेल," सर छातीठोकपणे सांगतात, "पॅटर्न आला पाहिजे."

या पॅटर्नांचं एक स्वतंत्र गाव आहे आणि सर शरीराने तालुक्यात पण वस्तीला तिथे असतात. त्या गावात एक म्हातारा आहे, तो 'टू वीक टू वॉक' आहे. 'टू'च्या पोटात 'नॉट' लपलेला असतो, तो बाहेर काढायचा, की म्हातारा 'सो वीक दॅट ही कॅनॉट वॉक' होतो. एवढी खटपट करूनही म्हातारा काही चालत नाही. तिथला चहा कायम पिण्यापलीकडे गरम. तिथली गाडी आपण स्टेशनात शिरायच्या आत सुटलेली. राम रावणाला मारतो आणि लगेच पुढच्या ओळीत रावण रामाकडून मारला जातो, म्हणजे एकाच युद्धात दोनदा. आणि तिथला रोगी हमखास डॉक्टर येण्यापूर्वीच गेलेला असतो, कारण त्याशिवाय 'हॅड' वापरता येत नाही.

शेजारच्या आबांना एका रात्री छातीत दुखायला लागलं तेव्हा सर धावत गेले. डॉक्टरांना निरोप गेला होता. सर उंबऱ्यापाशी येरझारा घालत होते, चेहरा पांढराफटक. लोकांना वाटलं, शेजारधर्म. डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, आबा उठून बसले. सरांनी कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाले, "साधा भूतकाळ निघाला!"

त्यांच्या टेबलावर दोनच पुस्तकं. एक वडिलांकडून आलेली तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, दुसरं रेन आणि मार्टिन यांचं व्याकरण, मुखपृष्ठ गेलेलं. या रेनसाहेबांनी मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी केली आणि 1924 साली 'बो जेस्ट' नावाची तुफान खपलेली कादंबरीही लिहिली, हे मी एकदा सरांना सांगितलं. वाळवंटातला किल्ला, परदेशी फौज, चोरीला गेलेला नीलमणी. व्याकरण लिहिणारा माणूस असले धंदे करील हे त्यांना पटेना. मग एकदम डोळे चमकले.

"चोर आहे म्हणता? पळतो का?"

"चोरीचा आळ घेऊन तिघे भाऊ घर सोडून जातात."

"पोलीस दिसल्या दिसल्या?"

"नाही. पोलीस नाहीतच तिथे."

"मग काय उपयोग," म्हणून त्यांनी विषय संपवला.

शहरातली माणसं या सरांना हसतात. हसावं असं पुष्कळ आहेही. इंग्रजी बोलायची वेळ आली की सर स्वतः खोकतात. पण मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आलं ते 2000 साली. त्याआधी ते पाचवीला भेटायचं, आणि वाडीवरून एसटीने येणाऱ्या पोराच्या घरात इंग्रजीचा एकच शब्द असायचा, 'पॅराशूट', तोही तेलाच्या बाटलीवर. अशा पोराच्या तोंडून निघालेलं पहिलं सबंध, बिनचूक इंग्रजी वाक्य त्या चोराचं असे. मला तरी त्यात थट्टेपेक्षा कौतुकाचाच भाग जास्त दिसतो.

आणि ही वाक्यं वाया जात नाहीत. गावचा सगळा लेखी कारभार सरांच्या पॅटर्नवर चालतो. पतसंस्थेच्या नोटिशीत 'नॉट ओन्ली कर्जदार बट ऑल्सो जामीनदार' जबाबदार असतो. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर 'अनलेस यू पे पाणीपट्टी, नळ विल नॉट कम' असं लिहिलं होतं आणि महिनाभरात वसुली झाली. लिहिणारा सरांचा माजी विद्यार्थी. 'अनलेस'बरोबर पुन्हा 'नॉट' घालायचा नाही हे त्याच्या लक्षात राहिलं, याचाच सरांना जास्त आनंद. दुसऱ्या एकाला पुण्यातल्या मुलाखतीत 'स्वतःबद्दल सांगा' म्हणाले. असा पॅटर्न क्लासमध्ये झालाच नव्हता. पोरगं घाबरलं, आणि म्हणालं, "आय ॲम नॉट ओन्ली ऑनेस्ट बट ऑल्सो फ्रॉम बार्शी तालुका." नोकरी लागली. पेढे घेऊन आला तेव्हा सरांनी पेढा तोंडात टाकायच्या आधी वाक्य दोनदा म्हणवून घेतलं.

सगळ्यात चांगलं इंग्रजी मात्र सरांच्या बायकोचं. शाळा सातवीत सुटली, पण खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये नुसतं प्लायवूड आहे. बाई पोळ्या लाटता लाटता तीन बॅचेस ऐकतात. सर चहाला हात लावून "टू हॉट..." म्हणायला लागले की आतून आवाज येतो, "सो हॉट दॅट यू कॅनॉट ड्रिंक असेल तर खाली ठेवा. मला कप धुवायचाय."

गेल्या दिवाळीत पुण्याहून नातू आला. इंग्रजी माध्यम, पाचवी. दुपारभर आजोबांचा क्लास ऐकला आणि रात्री जेवताना म्हणाला, "आजोबा, नोबडी टॉक्स लाइक दॅट."

सुनेने डोळे वटारले. मुलगा ताटात बघू लागला. सरांचा चेहरा मात्र उजळला.

"वा! नकारार्थी आहे. आता अर्थ न बदलता होकारार्थी कर."

नातवाने जिलबीचा तुकडा तोडला, वर पंख्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "ओन्ली यू टॉक लाइक दॅट."

सरांनी बराच वेळ विचार केला. बोटाने ताटाच्या कडेवर दोन्ही वाक्यं लिहून पाहिली. "नकार गेला हे खरं," ते म्हणाले, "पण अर्थ जरा बदललाय. अर्धा गुण."

"अहो, काही बदललेला नाही," वाढता वाढता बाई म्हणाल्या. "पूर्ण द्या."