एकमताने पुढे ढकलले

दक्षिण आशियाची एकजूट राहते कुठे, असे कुणी विचारलेच तर पत्ता पक्का आहे: काठमांडू. सार्कचे सचिवालय १९८७ पासून तिथे आहे. सरचिटणीस आहेत, आठ देशांचे झेंडे आहेत. नाही ती फक्त शिखर परिषद. शेवटची २०१४ साली तिथेच भरली. मोटारी आणि रेल्वे सीमेपार नेण्याचे करार सह्यांसाठी मांडून ठेवले होते. पाकिस्तान म्हणाला, आमची घरची तयारी व्हायचीय. मग विजेच्या करारावर सह्या उरकल्या, मोदी-शरीफांनी हात मिळवले, फोटो निघाला. पुढची परिषद २०१६ साली इस्लामाबादला ठरली होती. उरीचा हल्ला झाला आणि ती बारगळली.

१९८५ च्या सनदेतच लिहिलेय की निर्णय एकमताने घ्यावेत आणि दोन देशांतल्या वादाचे विषय बैठकीत काढू नयेत. वाटणीचा विषय वर्ज्य केला की भाऊबंदांची पंगत शांततेत उठते, हे खरे. फक्त पंगत बसायला तर हवी! त्यात २००६ पासून मुक्त व्यापार करार लागू आहे. प्रत्येकाने आपली ‘संवेदनशील’ मालाची यादी जोडायची, उरले ते मुक्त. शेजाऱ्याला जे विकता येईल, नेमके तेच संवेदनशील निघते. आपसातला व्यापार एकूण व्यापाराच्या जेमतेम पाच टक्के.

आमचा नाशिकचा कांदा मात्र सार्कला न विचारताच ढाक्याच्या कढईत जाऊन बसला. पेट्रापोलला ट्रकांच्या रांगेत ताटकळायचे, पलीकडे बेनापोलला एका ट्रकमधून उतरून दुसऱ्यात चढायचे. हमाल गोणी पाठीवर घेतो, तेवढी चार पावले दक्षिण आशिया एक असतो.

सप्टेंबर २०१९ मध्ये दिल्लीने रातोरात निर्यात बंद केली. आठवडा उलटायच्या आत शेख हसीना दिल्लीत आल्या आणि भर सभेत हसत हसत सांगून गेल्या, की आचाऱ्याला बिनकांद्याचा स्वयंपाक करायला सांगितलाय. पुढच्या वेळी आधी कळवा. दिल्लीने ते भलतेच मनावर घेतले. २०२० च्या सप्टेंबरात पुन्हा बंदी, पुन्हा न कळवता. ट्रक सीमेवर उभे आणि कांदा गोणीत सडतोय.

२०१९ च्या त्या बंदीत ढाक्याने विमानाने कांदा आणवला. इजिप्तचा, तुर्कस्तानचा आणि हो, पाकिस्तानचासुद्धा. म्हणजे सार्कच्या दोन सदस्यांतला व्यापार वाढला, तोही तिसऱ्याच्या कृपेने. काठमांडूने अहवालात नोंद करून घ्यायला हरकत नाही. एकमत झाले तर.