उत्पन्नाचा दाखला

वडिलांकडे एकच बरा पांढरा शर्ट होता. लग्नकार्याला आणि सरकारी कामाला तोच. मी कॉलेजात गेलो त्या वर्षी ईबीसीची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची, फीसवलत मिळावी म्हणून उत्पन्नाचा दाखला काढायचा होता. वडिलांनी सकाळीच तांब्यात निखारे भरले आणि शर्टावर फिरवायला घेतले. आई म्हणाली, "अहो, गरीब आहोत हे सांगायला चाललात. राहू द्या की जरा चुरगळलेला." "चावडीवर जायचंय," वडील म्हणाले आणि कॉलरची दुसरी बाजू पालथी केली.

जी गोष्ट गावापासून जन्मभर झाकली, ती आता गोल शिक्क्यासकट लिहून घ्यायची होती. दाखवायच्या कार्यक्रमातल्या मुलीसारखे वडील बाकाच्या कडेला अंग चोरून बसले. तलाठी भाऊसाहेबांनी सातबारा पाहिला, मग शर्ट पाहिला, पुन्हा सातबारा पाहिला आणि आकडा लिहिला. वडिलांनी तो वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. "गेल्या साली कांद्याचे थोडे जास्त झाले होते, भाऊसाहेब." भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "काका, मी वाढवीन. पण मग पोराची फी भरावी लागेल."

मदत आणि कागद यांचं नातं मारुती आणि शेंदरासारखं. खरवडायला गेलात तर आत काय उरेल, सांगता येत नाही. १९१३ साली बडोदा संस्थानाने तरुण भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला महिना साडेअकरा पौंड दिले, ते तीन वर्षांसाठी. पण परतल्यावर दहा वर्षं संस्थानची चाकरी करीन, असा करारनामा आधी लिहून घेतला. जगाला पुरून उरणारी विद्वत्ताही तिथे सहीसाठी थांबली.

आता तीच ईबीसीची सवलत राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने, सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर मिळते. मर्यादा आठ लाखांची. २०२४-२५ पासून या मर्यादेतल्या पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, म्हणून भाचीचा अर्ज मीच भरायला बसलो. पोर्टलला कुणाचा शर्ट दिसत नाही. कांद्याचं मध्येच सांगावं, अशी जागाही त्यात नाही. जुनी कागदपत्रं चाळताना माझ्या दाखल्यांच्या झेरॉक्स हाताला लागल्या. तीन वर्षांचे तीन दाखले. तिन्हींवर आकडा तोच; वडिलांनी मात्र दर वर्षी तो थोडा वाढवायला सांगितला होता.