वयावर ढकलू नका

मूत्रपिंडाचा आजार असलेली आजी चुलीपुढे बसते आणि तव्यावरची भाकरी विसरते. सकाळची गोळी घेतली की नाही, आठवत नाही. थोरल्याला धाकट्याच्या नावाने हाक मारते. घरचे म्हणतात, ‘वय झालं आता.’ विषय संपला. चुलीत तुराट्या धुमसतच राहतात.

प्रदूषण म्हटलं की आपल्याला दिल्ली दिसते, फार तर मुंबई. केंद्राचा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम 2019 मध्ये सुरू झाला. त्यात शंभराहून जास्त शहरं आहेत, आपलं जामखेड नाही. मग इथल्या गोवऱ्यांचा धूर, खडी क्रशरची भुकटी, उखडलेल्या रस्त्याची धूळ, गावाबाहेर पेटवलेलं प्लॅस्टिक जातं कुठे? आपल्याच छातीत.

आणि ते छातीत थांबत नाही. पीएम 2.5 म्हणतात ते अतिबारीक कण रक्तवाहिन्यांना सूज आणतात. मूत्रपिंड आणि मेंदू, दोघांनाही अखंड रक्त लागतं आणि दोघांच्याही वाहिन्या नाजूक. एकाला जे बाधतं ते दुसऱ्यालाही बाधतं. मूत्रपिंड अधू झालं की टाकाऊ द्रव्यं रक्तात साचतात, रक्तदाब चढतो, हिमोग्लोबिन उतरतं. मेंदूची आधीच अशी ओढाताण, त्यात हा धूर.

अमेरिकेतल्या सुमारे 25 लाख माजी सैनिकांची साडेआठ वर्षांची माहिती तपासून 2018 मध्ये संशोधकांनी दाखवलं की जिथे हे कण जास्त, तिथे मूत्रपिंडाच्या आजाराचा धोकाही जास्त. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने 2020 मध्ये स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत हवेचं प्रदूषण घातलं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, हे कण वर्षाच्या सरासरीला घनमीटरभर हवेत 5 मायक्रोग्रॅमपर्यंतच असावेत. आपला कायदा 40 चालवून घेतो. आजीच्या फाइलमध्ये मात्र फक्त क्रिएटिनिन, मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा आकडा. तिची आठवण कशी आहे, घरात चूल आहे का, हे कुणी विचारलेलं नसतं.

हे जामखेडात व्हावं, याचा मला जास्त राग येतो. याच गावात 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले. शाळेची पायरी न चढलेल्या बायकांना त्यांनी गावोगावच्या आरोग्यसेविका केलं. घरात शिरून, चुलीशेजारी बसून विचारपूस करणं हेच तर त्यांचं काम. जग ते शिकायला इथे आलं. मग आज आशाताईच्या वहीत आणखी दोन प्रश्न का मावू नयेत? ‘आजी, आज वार कोणता?’ आणि ‘स्वयंपाक कशावर करता?’ याला ना यंत्र लागतं, ना निधी.

एक मात्र लक्षात ठेवा. मूत्रपिंडाचा रुग्ण एकाएकी बरळायला लागला, गुंगीत गेला, तर ते वय नव्हे. रक्तातलं सोडियम किंवा साखर उतरलेली असेल, युरिया चढला असेल, जंतुसंसर्ग असेल. त्याच दिवशी दवाखाना गाठा; वेळेत गेलं तर यातलं बरंच सुधारतं. आणि गुडघेदुखीच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून देऊ नका, त्यातल्या बऱ्याच मूत्रपिंडाला मारतात.

उज्ज्वला योजना 2016 ची. सिलिंडर पुष्कळ घरांत पोचला आणि पुन्हा भरणं परवडेना म्हणून कोपऱ्यात उभा राहिला. हा दोष त्या घराचा नाही. डायलिसिसवर सरकार खर्च करतंच. मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या घरचा सिलिंडरही औषध समजून भरून द्यावा.

तोवर आजीला चुलीपुढून उठवा. आणि तिच्या जागी सुनेला बसवू नका.